एलातची पोवळी आणि लेआचा नवस

माझी बायको लेआ समुद्राला भ्यायची आणि मी तिला हसायचो. आता ती नाही. तिची भीती मात्र घरातच राहिली आणि माझ्या वाट्याला आली.

डिमोनातली आपली माणसं भेटतात आणि विचारतात, एलातला जाऊन आलास म्हणे, काय पाहिलंस? प्रत्येकाला तेच सांगून माझं तोंड दुखलं. माझ्याजवळ फोटो नाहीत. मी चौथ्या बुकापर्यंत शिकलेला माणूस. जमेल तसं लिहितो, गोड मानून घ्या. नाही मानलंत तरी चालेल.

डिमोना

मिखल ही माझ्या मुलाची, नातानची, धाकटी. फौजेत गेली तेव्हा लेआने नवस केला होता की पोर सुखरूप सुटली तर एलियाहू हन्नबीच्या, आपल्या पैगंबराच्या, नावाने मलिदा करीन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि ताटाभोवती फळं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, सगळं सोडून इथे इस्रायलच्या वाळवंटात आलो, हे नाही सोडलं.

मिखल सुखरूप सुटली. पण घरी यायच्या ऐवजी तिथूनच एलातला, देशाच्या दक्षिण टोकाच्या समुद्रावर, गेली. तिथे तिला काम मिळालं. पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं आणि पोवळी जगतायत का मरतायत ते बघायचं. हे काय काम झालं? लेआच्या कानात पोवळी होती, मुंबईला सोनाराकडून घेतलेली. मला वाटायचं पोवळं म्हणजे खडा. खडा कसला जगतो आणि मरतो!

मग लेआ आजारी पडली. हॉस्पिटलात नाकात नळी असताना मला म्हणाली, "अहो, नवस राहिलाय. मलिदा तिच्यासमोर करा. आणि पोरीला पाण्यातून बाहेर काढा. घरी घेऊन या."

मी हो म्हटलं. जाणाऱ्या बायकोला नाही कोण म्हणतो?

तिचं वर्ष झालं, तरी माझा पाय निघेना. शेवटी नातानने त्याच्या कारखान्यातल्या लॅबोरेटरीत मिखलसाठी जागा बघितली आणि मला म्हणाला, "पप्पा, माझं ती ऐकत नाही. तुम्ही जा." मी पिशवी भरली. पोहे, गूळ, वेलची, खजूर, सफरचंदं, केळी आणि एक नारळ. गूळ इथल्या हिंदुस्थानी दुकानातला, जुना आणि काळा. लेआने तो घेऊ दिला नसता.

अरावाची वाट

ते दिवस कसले होते हे तुम्हाला ठाऊक आहे, बसमध्ये बॉम्ब फुटायचे. बसमध्ये बसायचं म्हणजे शेजारी कोण बसलंय, त्याने एवढ्या उन्हात कोट का घातलाय, हे आधी बघायचं. स्थानकावर पिशव्या तपासायला एक रशियन पोरगा होता. त्याने माझ्या पिशवीत हात घातला आणि तसाच थिजला.

"हे केसाळ काय आहे?"

"नारळ."

"फोडून दाखवा."

"फोडणार नाही. देवाचा आहे."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, याला आतलं पाणी ऐकवावं म्हणजे पटेल. म्हणून नारळ त्याच्या कानाजवळ नेऊन हलवला. पोरगा तीन हात मागे उडाला आणि रांगेतल्या बायका ओरडल्या. शेवटी ड्रायव्हर खाली आला. तो आपल्याच वस्तीत वाढलेला, लेआच्या हातच्या करंज्या खाल्लेला. म्हणाला, "सोड रे त्याला. या म्हाताऱ्याच्या नारळाने कुणी मेलं तर मी जबाबदार." सगळे हसले. मी हसलो नाही. नारळ पिशवीत घालून वर चढलो.

पुढे अरावाच्या वाळवंटी खोऱ्याची उतरण. दोन्ही बाजूंना भाजलेले डोंगर, पूर्वेला जॉर्डनचे, संध्याकाळी वांग्याच्या रंगाचे होणारे. झाड म्हणाल तर काटेरी, तीही आपसात बोलत नसल्यासारखी लांब लांब. आमच्या पुढे-मागे ट्रक होते, पांढऱ्या फॉस्फेटने, खताच्या मातीने, भरलेले. ते डिमोनाकडच्या खाणीतून एलातच्या बंदरावर जातात. मी त्या कामात सारी उमर घालवली. ट्रक भरायचे, वर ताडपत्री ओढायची आणि हाक मारायची, चल पुढे. आपण भरलेला माल कुठे जाऊन पडतो ते बघायचा मात्र प्रसंग आला नव्हता.

एक वळण आलं आणि समुद्र दिसला. निळा, गप्प. मी पडदा ओढून घेतला.

हसू नका. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. सात जोडपी वाचली, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. लेआ म्हणायची, "सात वाचली हे सांगता. बाकीची कुठे गेली, ते सांगा की."

एलात

मिखल स्थानकावर घ्यायला आली होती. उन्हाने काळी झालेली, केस मिठाने ताठ, हातांवर ओरखडे. मला घट्ट मिठी मारली तर अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. लेआच्या साडीला कधी कोथिंबिरीचा वास असायचा, कधी फिनेलचा. ही पोर कुणावर गेली?

ती बोलते हिब्रूत, मी मराठीत. तुमच्यासाठी सगळं मराठीतच लिहितो. तिचं मराठी लेआकडून शिकलेलं, म्हणजे खाण्याचं आणि शिव्यांचं. तेही कधी पुरुषासारखं बोलते, कारण कानावर माझंच जास्त पडलं.

"सबा, तू जेवला?" सबा म्हणजे आजोबा.

"तुझ्याकडे काय आहे?"

"टूना आहे. डब्यातला."

"दिवसभर माशांत असतेस आणि डब्यातला मासा खातेस?"

"इथले कसे खाणार? ओळखीचे आहेत!"

तिच्या एका खोलीत मी कांदा, मिरची, हळद घालून त्याच टूनाचं सुकं केलं. दोन वेळा वाढून घेतलं तिने. मग भिंतीवरचं चित्र दाखवू लागली. पोवळं म्हणजे दगड नाही, म्हणाली. इवले इवले जीव असतात, एकाला एक चिकटून राहतात, आपल्या अंगातूनच घर बांधतात. बोटभर वाढायला कितीतरी काळ लागतो आणि मोडायला माणसाचा एक पाय पुरतो.

"मग मोडू देत ना," मी म्हटलं. "जगात काय थोडं मोडतंय?"

ती उठली. ताटं उचलून धुवायला गेली. लॅबोरेटरीतल्या जागेचं मी तेव्हा काढणार होतो, पण तिची पाठ बघून काढलं नाही.

सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठून आणायचे? मी एकट्यानेच दुआ म्हटल्या. नारळ खडकावर फोडला, पोहे कालवले, केळीच्या पानाऐवजी तिची प्लास्टिकची थाळी. मिखल डोकं झाकून गप्प बसली होती. नवस फिटला म्हणून मला बरं वाटलं.

आता लेआच्या माहेरची एक रीत होती, ती सगळ्यांकडे नसेल. मलिद्याची एक मूठ पाण्याला द्यायची. पूर्वज पाण्यातून वर आले, म्हणून पाण्याचा वाटा. कोकणात खाडीत टाकायचे. डिमोनात पाणी कुठलं, तर लेआ तुळशीच्या कुंडीत टाकायची. मी समोर एवढा समुद्र बघितला आणि म्हटलं, लेआ, आज खरं पाणी मिळालं. चांगली भरगच्च मूठ घेतली आणि फेकली.

पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, निळे मासे कुठून आले कोण जाणे, एकमेकांना धडका देत होते. मागून शिट्टी वाजली. एक रखवालदार धावत आला आणि माझ्यावर ओरडला. मिखलने नळकांडी नाही, काही नाही, नुसती उडी मारली आणि हाताने खोबऱ्याचे तुकडे, पोहे गोळा करायला लागली. एकदा डोकं खाली गेलं. मी पाण्यात पाय घातला, तर रखवालदाराने मला मागून धरलं.

ती वर आली. ओंजळीत भिजलेले पोहे.

"अगं वेडी का तू? पोह्यांसाठी जीव देशील?"

"सबा, हे मासे पोवळ्यांवरचं शेवाळ खातात. लोकांनी पाव टाकला, पोहे टाकले की ते शेवाळ सोडतात. मग शेवाळ वाढतं, पोवळ्यांना झाकतं. गुदमरून मरतात ती."

"एका मुठीने?"

"प्रत्येक जण एकच मूठ टाकतो, सबा."

मलिदा देवाला पोचला की नाही, याची धास्ती वेगळीच. देवाचा वाटा परत ओंजळीत आलेला मी कधी बघितला नव्हता. मिखलने तो माझ्यासमोर खाल्ला, खारट झालेला. म्हणाली, "आता वाया नाही गेला. बेसेदेर?" म्हणजे ठीक ना.

काचेचा मनोरा

दुसऱ्या दिवशी ती मला समुद्रातल्या मनोऱ्यात घेऊन गेली. किनाऱ्यापासून पुलावरून आत जायचं, मग गोल जिना उतरत थेट समुद्राच्या पोटात. खाली चहूकडे काचा. लोक तिकीट काढून हौसेने जातात. मी कठड्याला धरून उतरलो. प्रत्येक पायरीला वाटे, आता काच फुटणार.

मिखल म्हणाली होती, "या खिडकीशी उभा राहा. माझं काम इथेच समोर आहे. मी हात करीन."

काचेबाहेर जे होतं ते मला सांगता येत नाही. फ्लॉवरचे गड्डे असावेत तशी पोवळी, सांबराची शिंगं असावीत तशी, काही पंख्यासारखी. लाल, जांभळी, शेवाळी. आणि मध्ये मध्ये मेलेली. मेलेलं पोवळं ओळखायला शाळा लागत नाही. आधी पांढरं, हाडासारखं. मग त्यावर शेवाळाची करडी गोधडी. एका मोठ्या झुडपाची अर्धी बाजू रंगीत होती आणि अर्धी तशी. लेआचं अंग शेवटी असंच झालं होतं. डावी बाजू गेली होती, उजवीने माझा हात धरायची.

मिखल आली. काळा पोशाख, तोंडात नळी, वर बुडबुड्यांची माळ. तिने हात केला. मीही केला. शेजारच्या बाईला सांगितलं, "माझी नात." मग ती एका खडकामागे गेली.

बुडबुडे दिसत होते. मग दिसेनात.

मी थांबलो. म्हटलं, येईल. आली नाही. पाणी स्वच्छ, मासे आपले फिरतायत, त्यांना काय? मी काचेवर हात आपटला. पुन्हा आपटला. "मिखल! मिखल!" मी शेमा म्हणायला लागलो, जी प्रार्थना आपण मरताना म्हणतो, आणि मध्येच थांबलो की हे काय म्हणतोयस, कुणासाठी म्हणतोयस. लोक बघायला लागले. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, काच आपटू नका." मी त्याला मराठीत एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

मग खडकाच्या दुसऱ्या बाजूने बुडबुडे निघाले आणि ती आली. हातात मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं. शिंगासारख्या एका पोवळ्याला ते फास लागल्यासारखं आवळलं होतं, ते कापायला ती मागे गेली होती. मोडलेली एक फांदीही तिने आणली आणि जागेवर टेकवून बांधली, वैद्य पोराचं हाड बांधतो तशी हळू. मग माझ्याकडे वळून अंगठा वर केला.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

मी किनाऱ्यावर परतलो नि ती पाण्यातून वर आली, तेव्हा जवळच एक धिप्पाड पाहुणा फोटोसाठी पोवळ्यांच्या खडकावर उभा राहिला होता. मिखलने हिब्रूत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. तो हसला नि दुसरा पायही वर ठेवला. तेव्हा पोर कमरेवर हात ठेवून गरजली, "ए मेल्या! उतर खाली! तुझ्या बापाचं घर आहे का ते?"

लेआचा आवाज. तोच सूर. आमच्या दारात कोंबड्या आल्या की ती हाच सूर लावायची. पाहुण्याला कळलं काही नाही, पण उतरला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

बंदर

तिथेच बाकावर बसून मी बोललो. सरळ बोललो, मला दुसरं येत नाही.

"पोरी, घरी चल. तुझ्या बापाने जागा बघितलीय. आजीला मी वचन दिलंय. काल आणि आज, दोनदा मेलो मी."

ती बराच वेळ टॉवेलने केस पुसत राहिली. मग मराठीत बोलली, मुद्दाम, मोडकं.

"सबा, मी पण भितो. तू मला बघून भितो. मी यांना बघून भितो. सकाळी उतरतो ना, तेव्हा वाटतं, आज काय मेलं असेल?"

"मग सोड."

"आजी आजारी होती, तू सोडलं?"

मी समुद्राकडे बघितलं. पलीकडे जॉर्डनचं अकाबा, उत्तरेच्या अंगाला मासे पाळायचे पिंजरे. त्यांची घाण पाण्यात उतरते, म्हणाली. अलीकडे बंदर. बंदरात एक जहाज भरत होतं, आणि त्याच्यावर एक पांढरा ढग उभा होता. वारा आला तसा ढग वाकला आणि पाण्यावर बसला.

तो ढग मी ओळखला. तो माझ्या डब्यात असायचा, माझ्या भुवयांत असायचा. लेआ माझा शर्ट गॅलरीतून झटकायची तेव्हा असाच उडायचा.

"हे आमचं," मी म्हटलं.

"हो, सबा."

"हेही पोवळ्यांना मारतं?"

"याने शेवाळ वाढतं. शेताला खत घालतात ना, तसं."

मला राग आला. "त्या धुळीवर तुझा बाप वाढला. त्या धुळीवर तू दूध प्यालीस. काय, बंद करू खाण? डिमोनाने काय खावं, पोवळी?"

"बंद करा कुठे म्हटलं मी? झाका म्हणते. आजी डाळ झाकून ठेवायची ना? तसं. नुसतं झाका."

तिने माझ्या पिशवीतलं उरलेलं सफरचंद काढलं, अर्धं मला दिलं. मी खाल्लं.

परत

मी एकटाच आलो. स्थानकावर ती म्हणाली, "शुक्रवारी फोन करतो, शब्बाथच्या आधी." मी म्हटलं, करतो नाही, करते म्हण. ती म्हणाली, "तू शिकवलं नाही नीट." बस सुटल्यावर मी पडदा ओढला नाही. समुद्र दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. तो आवडला म्हणून नव्हे. पोर त्याच्या ताब्यात ठेवून निघालो होतो, म्हणून.

नातानने विचारलं, "काय झालं, पप्पा?" मी म्हटलं, "नवस फिटला. वचन नाही." तो चिडला. चिडू दे. लेआच्या कबरीवर जाऊन मी तेच सांगितलं, आणि पोर शिव्या कशा देते तेही सांगितलं. तिथून काही उत्तर येत नाही, हे एक बरं आहे आणि वाईटही.

आता दर शुक्रवारी फोन वाजेपर्यंत मी बसत नाही. उभाच असतो. वारा सुटला की ती पाण्यात असेल असं वाटतं. वारा पडला तरी तसंच वाटतं. आणि नवीन एक रोग लागलाय. खिडकीच्या चौकटीवर पांढरं काही दिसलं की मला वाटतं, हे इथे बसलं ते बरं, तिथे नाही गेलं.

आमच्या गावाबाहेर हमरस्त्याला ट्रकवाले कॉफी प्यायला थांबतात, दक्षिणेला जाणारे. परवा मी तिथवर चालत गेलो. पहिल्याच ट्रकची ताडपत्री एका बाजूला सुटून फडफडत होती. खालून पांढरं सांडत होतं, रस्त्याच्या कडेला रांगोळी पडल्यासारखं. मी आधी हिब्रूत सांगितलं. ड्रायव्हरने काच खाली केली नाही. मग माझ्या तोंडातून निघून गेलं.

"ए मेल्या! ताडपत्री बांध!"

त्याने काच खाली केली. तरणा पोर, डोळे झोपेने लाल. "काय म्हणतोस, म्हाताऱ्या? तुझं काय जातं?"

"माझी नात आहे तिकडे," मी म्हटलं. "पाण्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कॉफीचा ग्लास काचेपाशी ठेवला, खाली उतरला आणि दोरी ओढून बांधली. मी दुसरं टोक धरलं. माझ्या हातांना ती गाठ अजून येते.

ट्रक निघून गेला. त्याच्या मागे आणखी ट्रक उभे होते, ओळीने. मी पुढच्याच्या काचेवर टकटक केली.